टार्गेटची सहल

४ मे

बियाण्याच्या कंपनीने जानेवारीत दिलेली ही डायरी आजपर्यंत कोरीच होती. वडनेर भोलजीत कृषी केंद्र चालवणाऱ्या माणसाने रोज लिहावं तरी काय? युरिया आला, युरिया संपला. पण आज लिहिण्यासारखं घडलं आहे.

कंपनीचा कुलदीप भर उन्हात येऊन गेला. पिशवीतून गुळगुळीत कागदाचं पुस्तक काढून त्याने काउंटरवर पसरलं. म्हणाला, "शेटजी, यंदा बँकॉक नाही. यंदा युरोप, आणि जोडीनं." सिल्व्हर हेरॉन नावाची एक कंपनी आहे, तिची जहाजं तिकडच्या डॅन्यूब नदीवर चालतात. हेरॉन म्हणजे बगळा, हेही त्यानेच सांगितलं. एका जहाजाचं नाव हेरॉन, दुसऱ्याचं स्वान, तिसऱ्याचं पेलिकन. लांबलचक, ठेंगणी, पांढरीशुभ्र जहाजं. खोलीच्या एका बाजूला भिंतच नाही, नुसती काच. "समुद्र नाही, त्यामुळे लाट नाही, उलटी नाही. पलंगावर पडल्या पडल्या काठावरची गावं पाहायची," कुलदीप म्हणाला.

अट एकच. कंपनीचं सोयाबीनचं नवं वाण मला जेवढं नेमून दिलंय, तेवढं सगळं या हंगामात खपवायचं.

पुष्पा आत गहू पाखडत होती. तिला चित्रं दाखवली. म्हणाली, "नदी पाहाले एवढ्या दूर काऊन जा लागते? आपली पूर्णा काय आटली?"

मी म्हटलं, "मे महिना हाय. आटलीच तं हाय."

यावर तीही हसली. आमच्या लग्नानंतरचे प्रवास दोनच: शेगाव, आणि आमची लेक अश्विनी पुण्याला नोकरीला लागली तेव्हा पुणे. तिला काचेच्या खोलीत बसवून नदी दाखवायची, हे मी मनात पक्कं केलं.

१३ मे

हेरॉनचं चित्र कापून दुकानात गणपतीच्या फोटोशेजारी लावलं. गिऱ्हाईक विचारतं, हे काय? मी सांगतो, आमचं जहाज.

पुष्पाबद्दल लिहायला हवं, कारण टार्गेट पुरं होईल ते तिच्यामुळेच. आमच्या गावात पेरणीची पहिली पिशवी लोक पुष्पाच्या हातून घेतात. तिचा हातगुण आहे, असं सगळे म्हणतात. तिने दिलेलं बी वाया गेल्याचं कुणाला आठवत नाही. हंगामाच्या आधी नव्या मालातलं मूठभर बी मागून घ्यायचं, ओल्या गोणपाटात गुंडाळून परसात ठेवायचं, रोज पाणी शिंपडायचं आणि मग सोडून बघायचं, ही तिची दरवर्षीची रीत. ज्याला मोड नीट आले नाहीत, ते ती कुणाला देत नाही. मी चिडवतो, हा तुझा देव्हारा. माझ्या मते हातगुण तो हातगुण, गोणपाटाने काय होणार?

५ जून

माल फार उशिरा आला. मृग तोंडावर आहे, लोक दुकानात येऊन चौकशी करताहेत. दोन दिवस थांबा म्हटलं तर मलकापूर काही लांब नाही, गिऱ्हाईक तिकडे जाऊन येईलसुद्धा.

पुष्पाने नेहमीसारखं मूठभर बी मागितलं. मी म्हटलं, "म्या गोदामातच टाकून पाह्यलं. मस्त उगवते."

"खरंच पाह्यलं?"

"हाव."

पाहिलं नव्हतं. पण सीलबंद पिशवी, वर टॅग, कंपनीचं नाव. एवढी शिकलेली माणसं तपासून देतात, त्यावर आपण पुन्हा काय पाहायचं? तिने परत विचारलं नाही. बारीकशी गोष्ट आहे, पण डायरीत खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहिली.

९ जून

दुकानात आज पाय ठेवायला जागा नव्हती. पहिली पिशवी सहदेवने घेतली. सहदेव आमच्या गल्लीतलाच, पूर्णेच्या अंगाला त्याचं वावर आहे, आणि गावात बैलजोडी ठेवणारे जे थोडे उरलेत त्यातला एक. मी नव्या वाणाचे गुण सांगायला लागलो, तर म्हणाला, "भाऊ, नावगिव काई सांगू नका. वहिनीच्या हातचं द्या."

पुष्पाने पिशवीला कुंकू लावलं आणि दिली. मागोमाग रुखमाबाई. एकटी बाई, तुकडाभर वावर. तिलाही पुष्पानेच दिली. दिवसभर पुष्पा दुकानात उभी होती आणि मी मनात जहाजाच्या गच्चीवर बसून चहा पीत होतो.

१६ जून

टार्गेट पूर्ण! कुलदीपने फोनवरच अभिनंदन केलं. पासपोर्टसाठी पुष्पाचे फोटो काढले. फोटोवाला म्हणाला, हसू नका. तिला तेवढ्यावरच हसू येत होतं.

२५ जून

सहदेव सकाळीच आला आणि मला गाडीवर बसवून वावरात घेऊन गेला. पेरणीच्या ओळीच्या ओळी, तासंच्या तासं मोकळी. कुठेतरी एखादं रोप. त्याने बोटाने माती उकरून बी काढून दाखवलं. फुगलेलं, काळं पडलेलं, हाताला बुळबुळीत.

मी म्हटलं, पाऊस दडपून आला, बी खोल पडलं असेल. तो बांधावर बसून राहिला. परत येताना त्याने विचारलं, "वहिनीनं पाह्यलं होतं ना बी?"

मी म्हटलं, "पाह्यलंच असन."

हे का म्हणालो, कळत नाही. तोंडातून निघून गेलं.

२८ जून

फक्त सहदेवचं नाही. नव्या वाणाची ज्याने ज्याने पिशवी नेली, त्या सगळ्यांचं तेच. दुकानापुढे गर्दी जमली होती. भगवंतराव मध्ये उभे होते. ते माजी सरपंच, गावात त्यांचा शब्द चालतो. तालुक्याला तक्रार करू, पंचनामा करू, लायसन घालवू, असं बोलणं चाललं होतं. कुलदीपचा फोन लागत नव्हता. मी एवढंच म्हणत राहिलो की कंपनीशी बोलतो, कंपनीशी बोलतो.

पुष्पा आतल्या दाराशी उभी राहून सगळं ऐकत होती. गर्दी पांगल्यावर माझ्याकडे पाहून तिने विचारलं, "तुमी पाह्यलं नव्हतं ना?"

मी काउंटरवरचे कागद गोळा करायला लागलो. ती डोक्यावर पदर घेऊन मागच्या दाराने रुखमाबाईकडे गेली. दिवेलागणीला परत आली, हातपाय धुतले आणि स्वयंपाकाला लागली.

१ जुलै

कमाल आहे. तक्रार कुणीच केली नाही. उलट भगवंतराव स्वतः दुकानात आले, चहा घेतला, म्हणाले, "भाऊ, घरात चुका होतच असतात. तुमी मनाले लावून घेऊ नका."

इतक्या वर्षांची पुण्याई कामी आली, दुसरं काय. लोकांना माणूस ओळखता येतो. कंपनीने पिशव्या बदलून दिल्या, दुबार पेरणी सुरू झाली. मीही टेम्पोत बसून घरोघरी पोचवल्या. सगळ्यांनी मला पाणी विचारलं.

पुष्पा दुकानात येत नाही. कंबर दुखते म्हणते.

१९ जुलै

पुष्पाला बायकांनी भिशीतून वगळलं, असं अश्विनीकडून कळलं. मला तिने काही सांगितलं नाही, लेकीला फोनवर सांगितलं. बायकांचं राजकारण आपल्याला कधी कळायचं? मी अश्विनीला म्हटलं, दोन महिन्यांनी आई युरोपात असेल, मग बघ कशा मागे मागे येतात.

पोळा

पुष्पाने पहाटेपासून पुरण घातलं होतं. सहदेवची जोडी दरवर्षी पहिल्यांदा आमच्या दारी येते. पुष्पा पाय धुते, ओवाळते, पुरणपोळी खाऊ घालते आणि सहदेव तिच्या पाया पडतो.

जोडी आली. झुली, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगूरमाळा. आमच्या दारापाशी बैल आपसूक वळले, त्यांना सवय. सहदेवने कासरा ओढला आणि त्यांना सरळ पुढे काढलं. मला मात्र लांबूनच राम राम केला.

घाईत असेल. पुष्पा ताट घेऊन बराच वेळ दारात उभी होती. मी म्हटलं, "आण इकडे, मले तरी खाऊ घाल." हसली नाही.

१२ सप्टेंबर, पासाऊ

लिहायला घेतोय तो हेरॉनमध्ये बसून! चित्रात होतं अगदी तसंच आहे. नाही, चित्रापेक्षा जास्त. दारात गरम ओला रुमाल देतात, तोंड पुसायला. गालिचा एवढा मऊ की चप्पल काढावीशी वाटते, आणि पुष्पाने काढलीच. खोलीत दोन पलंग, मधे फुलं, आणि ती काच. काचेपलीकडे नदी. आमच्या पुरातल्या पूर्णेसारखीच मातकट, पण पुरात नसलेली.

आमच्याबरोबर अकोला, जळगावकडचे दुकानदार जोडीने आहेत. बाकी सगळे गोरे म्हातारे. आमच्या टेबलावर ठेच्याची बरणी उघडली की पलीकडची एक आजी हुंगत बसते. शेवटी तिने मागितलाच. खाल्ल्यावर तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या, पण बहाद्दरणीने पुन्हा मागून घेतला.

पुष्पाने वरणभात मागितला. सूप आलं.

१४ सप्टेंबर

आज जहाज एका दगडी हौदात शिरलं. मागचं दार बंद झालं, पाणी उतरू लागलं, आणि एवढं मोठं जहाज आमच्यासकट हळूहळू खाली गेलं. मग पुढचं दार उघडलं आणि आम्ही निघालो. नदीला पायऱ्या केल्या आहेत म्हणायचं. वाटेत पूल ठेंगणा आला की कप्तानाची खोलीच खाली बसते, म्हैस बसते तशी. मी सगळं मोबाईलवर घेतलं.

पुष्पाने हात बाहेर काढून हौदाच्या ओल्या भिंतीला लावला आणि हात तसाच ठेवला. मी म्हटलं, फोटोसाठी इकडे बघ. तिने बघितलं, पण तो फोटो चांगला आला नाही.

१५ सप्टेंबर, तुल्न

लहानसं गाव. मंडळी बाजारात चॉकलेटं घ्यायला गेली. पुष्पा म्हणाली, मले गावाच्या बाहेर जायचं हाय. नदीकाठच्या रस्त्याने चालत गेलो तर समोर सोयाबीन! पिवळं पडत आलेलं, गुडघ्याच्या वर, बांधापासून बांधापर्यंत एकसारखं. मी तर ओरडलोच.

पुष्पा बांधावर बसली. एक शेंग तोडली, नखाने उकलली, दाणे तळहातावर घेतले. "भरल्या हायेत," म्हणाली. आणि एकदम रडायला लागली. आवाज करून, रस्त्यावर, परक्या मुलखात. सायकलवरून जाणारं एक जोडपं थांबलं. मी त्यांना हाताने सांगितलं, काही नाही, काही नाही.

घरची आठवण आली असेल असं मला वाटलं. तिला विचारलं. ती म्हणाली, "रुखमाबाईचं वावर आठोलं." दाणे तिने परत वाफ्यात टाकून दिले.

१६ सप्टेंबर, व्हिएन्ना

इथे धक्क्याला जागा कमी, म्हणून जहाजं एकमेकांना खेटून उभी करतात. सकाळी पडदा सारला तर हाताच्या अंतरावर दुसरी काच! शेजारी आमच्याच कंपनीचं स्वान लागलं होतं, आणि त्यातली एक म्हातारी केस विंचरत होती. ती दचकली, पुष्पा दचकली. मग तिने कंगवा हलवून राम राम केला, पुष्पाने हात जोडले. किनाऱ्यावर जायचं तर त्या जहाजाच्या दिवाणखान्यातूनच जावं लागतं, जसं आमच्याकडे वाड्यात एकाच्या ओसरीवरून दुसऱ्याच्या घरात जातात.

पडदा लावून पुष्पा पलंगावर बसली.

"तुमी एक काम करान काय? घरी गेल्यावर सहदेवभाऊले खरं सांगान?"

"कोन्तं खरं?"

"तुमी बी पाह्यलं नव्हतं, ते."

मी म्हटलं, "आता ते मिटलं ना. पिशव्या बदलून देल्या. कोनी तक्रारबी केली नाई."

"म्हून तं. एवढं एकच मांगून राह्यली मी."

मी वचन दिलं. गेल्या गेल्या सांगतो म्हणालो. आणि काय सांगू, तिची कळाच पालटली. दिवसभर व्हिएन्ना पायाखाली घातली, घोडागाडीत बसली, आईस्क्रीम खाल्लं, अश्विनीला व्हिडिओ कॉल केला. बायकांना दिलेला शब्द पुरतो. इतकं सोपं होतं तर आधीच दिला असता.

१९ सप्टेंबर, बुडापेस्ट

शेवटचा दिवस. खोलीतल्या बगळ्याचं चित्र असलेल्या साबणाच्या वड्या पुष्पाने रोज जपून ठेवल्या होत्या. म्हणाली, संक्रांतीला वाण होईल. बाकीच्या बायकांनाही तिने त्यांच्या वड्या मागितल्या. मला लाज वाटली, पण ती खुशीत होती.

६ ऑक्टोबर

दुकानात रोज सहलीच्या गोष्टी. लोक बसून ऐकतात. सहदेव येत नाही, त्याची सोंगणी, म्हणजे कापणी, चालू आहे. अशात कुठे बोलणार? झाल्यावर बोलू.

पुष्पाने विचारलं, बोलले काय? म्हटलं, कामात हाय तो.

२ नोव्हेंबर

सहदेवचं उशिराचं सोयाबीन खळ्यावर पाहिलं. शेंगा अर्ध्या रिकाम्या. हे पाहून तर बोलायची हिंमतच होईना. जखमेवर मीठ कशाला? दिवाळी होऊ दे.

कुलदीप येऊन गेला. पुढच्या वर्षी नाईल नदी म्हणतो. त्याला हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

९ डिसेंबर

पुष्पा आता विचारत नाही. मला आधी वाटलं, विसरली. आज भाकरी वाढताना तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी अर्ध्या ताटावरून उठलो. लिहून टाकतो: मी भित्रा आहे. चूक सांगायची भीती नाही एवढी. लोक इतकं चांगलं वागतात माझ्याशी, ते बंद होईल याची भीती वाटते.

१५ जानेवारी

पुष्पाचं हळदीकुंकू. तिने परातीत साबणाच्या वड्या गोल मांडल्या, मधे तिळगूळ, दारात रांगोळी. गल्लीतल्या सगळ्या घरी स्वतः जाऊन सांगून आली होती.

पोस्टमास्तरांची बायको आली आणि शाळेतल्या नव्या बाई आल्या. दोघीही बाहेरगावच्या. गावातली एकही नाही. अंधार पडल्यावर पुष्पाने परात उचलली.

मी चिडून म्हटलं, "काय झालं काय या बायाईले?"

पुष्पा म्हणाली, "त्याईले माह्या हातचं नको."

मला आज पहिल्यांदा समजलं. इतके महिने तिच्या अंगावर काय पडत होतं, आणि मी त्याला बायकांचं राजकारण म्हणत होतो. उद्या सकाळी जातो. उद्याच.

१६ जानेवारी

सहदेव वावरात हरभऱ्याला पाणी देत होता. मी चप्पल काढून बांधावर उभा राहिलो आणि एका दमात सांगून टाकलं. "सहदेवभाऊ, ते बी म्या पाह्यलंच नव्हतं. पुष्पानं इचारलं होतं. म्या खोटं बोललो, पाह्यलं म्हून. तिचा काईच दोष नाई. सहलीच्या नादात म्या तुमाले बुडवलं."

त्याने फावडं खाली ठेवलं. हात पुसले. मग म्हणाला, "वहिनी आल्ती ना तवाच. तुमच्या दुकानापुढे गर्दी झाल्ती, त्या दिवशी. रुखमाबाईच्या ओट्यावर आमी सारे बसलो होतो, भगवंतरावबी होते. वहिनी म्हणे, हे मले सांगत होते, बी तपासून पाह्य. म्याच आळस केला. तक्रार करा तं माह्या नावानं करा, त्याईचं दुकान बंद करू नका. आता बाईमाणसाच्या नावानं काय तक्रार करा लागते? सोडून देलं आमी."

मी चिखलात उतरलो. मग मी ओरडलो, "ते खोटं हाय! तिनं मले वाचवलं."

सहदेव जवळ आला आणि त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "भाऊ, बायकोवरचा आळ आपल्या अंगावर घ्याले आले तुमी. एवढं करनारा मानूस नाई पाह्यला म्या."

मी शपथ घेतली. अश्विनीची घेतली. तो म्हणाला, "राहू द्या हो, लेकीले कायले मधात आणता?" आणि हरभऱ्याची जुडी उपटून माझ्या हातात दिली.

मी दुकानात पोचायच्या आत गोष्ट गावात पोचली होती. भगवंतराव खास येऊन म्हणाले, "आयकलं, ज्ञानेश्वरभाऊ. मन लय मोठं हाय तुमचं." दिवसभर लोक येत होते. कुणी खत घेतलं, कुणी नुसताच हात हातात घेतला.

संध्याकाळी घरी येऊन पुष्पाला सगळं सांगितलं. तिने हरभऱ्याचे घाटे सोलत ऐकून घेतलं. मी म्हटलं, उद्या परत जातो. भगवंतरावांकडे जातो, पारावर उभा राहून सांगतो, एकाला तरी पटेल.

तिने हातातला घाटा खाली ठेवला. "नोका जाऊ," म्हणाली. "तवा सांगितलं असतं तं पटलं असतं. आता जितक्यांदा सांगान, तितके तुमीच चांगले होसान."